पटकीच्या गावातला कडू घास

परत येऊन चार महिने झाले, तरी भेटेल तो एकच प्रश्न विचारतो. भीती नाही का वाटली? निजामाच्या मुलखात, पटकीच्या साथीत, बाईमाणसानं जायचं म्हणजे काय! पहिल्या महिन्यात मी खरी उत्तरं देत होते. दुसऱ्या महिन्यात थोडक्यात आटपू लागले. आता "नाही" म्हणून मोकळी होते. आमच्या मेट्रनबाईंनी तिकडे वाघ दिसला का, असं विचारलं. शेजारच्या काकूंना तिकडच्या बायका कुंकू कसं लावतात, नाकात काय घालतात, दूध कसं शेर मिळतं, अशा पन्नास चौकशा. पण तिकडे आम्ही काय खाल्लं, कुणाबरोबर बसून खाल्लं, हे एकानंही विचारलं नाही. सांगण्यासारखं तेवढंच आहे, म्हणून तेच लिहिते.

मी परिचारिका आहे. वय बेचाळीस. नवरा जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि त्यातली वीस मी इस्पितळात काढली. स्वभाव तापट आहे, हे माझ्या हाताखाली काम केलेली कुठलीही मुलगी सांगेल. हात न धुता खाटेला शिवलेला माणूस मला दिसला की माझं डोकं फिरतं, मग तो मोठा सर्जन का असेना. परतूर तालुक्यात पटकी पसरल्याची बातमी आली, पुण्यातल्या एका मंडळानं पथक पाठवायचं ठरवलं, आणि आमच्या इस्पितळातून दोघं निघालो: डॉक्टर गोडबोले आणि मी. डॉक्टर सत्तावीस वर्षांचे, हुशार, हाताला हलके, आणि दिवसाला चार वाक्यं बोलले तरी पुष्कळ. मनमाडला गाडी बदलेपर्यंत त्यांची त्या दिवसाची चारही वाक्यं संपली होती.

जालना

जालन्याच्या फलाटावर उतरले तेव्हा पहिली नजर गेली ती उर्दू पाटीवर, आणि दुसरी पाटीखाली छत्री उघडून उभ्या असलेल्या माणसाकडे. वय पंचावन्नच्या पुढचं, दाढी मेंदीनं लाल केलेली, काखेत पितळी डबा. हे हुसेनमियाँ, जालन्याचे कंपाउंडर. मंडळानं त्यांना आमच्या मदतीला नेमलं होतं. प्लेग पाहिलेला, इन्फ्लुएंझाची साथ पाहिलेला, पटकी तर कितीदा पाहिलेला माणूस. मला वाटलं, आता हे रोग्यांची संख्या सांगतील, औषधांचा साठा सांगतील.

ते म्हणाले, "भाकर खाल्ली का?"

तिकडे कुणी भेटलं की हेच विचारतात. आपण पुण्यात "काय म्हणता?" विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. तिकडे उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं बोलणं सुरू होत नाही. डॉक्टरांनी भूक नसल्याचं सांगितलं. हुसेनमियाँनी छत्री मिटली.

"डॉक्टरसाब, एक गोष्ट पयलेच सांगतो. माझ्यासंगं काम करायचं तं दोन वक्त जेवन. बिलकुल नागा न्हाई. मयत झाली तं पयलं जेवन, मंग बाकी समदं."

मी मनात म्हटलं, खादाड दिसतो. मेलेल्या माणसासमोर ज्याला जेवण सुचतं, त्याच्याबरोबर आता पंधरा-वीस दिवस काढायचे!

माझा स्टोव्ह आणि माझी भांडी मी बरोबर घेतली होती. त्यांच्या डब्यातलं मी खाणार नाही, हे मी बोलले नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. मुसाफिरखान्यात ते चार हात लांब जाऊन बसले. मी माझा भात शिजवून पहिला घास घेईपर्यंत मात्र त्यांनी डब्याचं झाकण उघडलं नाही. ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली, पण तिचं मला काही वाटलं नाही. आता वाटतं.

बाजारातून त्यांनी ज्वारीचं पीठ, मीठ, चुना, मोसंबी असं सामान भरलं. मी गहू मागितले. ते हसून म्हणाले, "गहू सणाला, बाई. तिथं जोंधळाच बराबर आहे." आमच्याकडे ज्वारीची भाकरी म्हणजे गडीमाणसांचं खाणं. मला ती थापता येत नव्हती, आणि येत नाही याचा थोडा अभिमानही होता, असं आता कबूल करून टाकते.

परतूर ते आष्टी

परतूरला आगगाडी सुटली आणि बैलगाडी सुरू झाली. वैशाखाचं ऊन. काळी जमीन इतकी भेगाळलेली की माझ्या छत्रीची काडी एका भेगेत मुठीपर्यंत गेली. बाभळी, मधेच एखादा डेरेदार लिंब, आणि रानात एकट्याच फिरणाऱ्या वावटळी. आपल्याकडे डोंगर नजर अडवतो. इथे काहीच अडवत नाही. पाच कोसांवरचं झाड दिसतं आणि दोन तासांनीही ते तिथंच असतं. गाडीवानानं उजवीकडे हात करून जांब त्या अंगाला असल्याचं सांगितलं. समर्थांच्या जन्मगावी परतताना जाऊ, असं मी ठरवलं. ते राहूनच गेलं.

आष्टीला पोचलो तो बाजाराचा दिवस होता, पण बाजार भरला नव्हता. रिकाम्या ओट्यांवर कुत्री झोपली होती. एका वाण्यानं दाराच्या फटीतून आम्हाला गूळ दिला आणि लगेच दार लावून घेतलं. तिथून आमचं गाव तीन कोस. गावाचं नाव मी लिहीत नाही. झाल्या गोष्टीत चूक माझी होती, उगाच त्या लोकांची चर्चा कशाला?

गावाच्या अलीकडे एका कोरड्या ओढ्यात गाडीचं चाक धोंड्यावर चढलं आणि ब्लीचिंग पावडरचा डबा कलंडला. झाकण उडालं. वारा समोरून. अर्धी पावडर ओढ्यात, आणि उरलेल्यातली बरीचशी आमच्या डोळ्यांत. ज्यांनी ही पावडर हाताळली आहे त्यांना सांगायला नको. डोळ्यांची आग, नाकाला धार, घसा बसलेला. डॉक्टर, मी, गाडीवान, सगळे पांढरे आणि सगळे घळाघळा रडत होतो. अशा थाटात आम्ही गावात शिरलो.

वेशीपाशी पाच-सहा बायका उभ्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "अगं बया, ह्या तं रडत आल्या!"

एक म्हातारी पुढं झाली आणि तिनं आपल्या पदरानं माझं तोंड पुसलं. पटकीच्या गावात, न उकळलेल्या पदरानं! मी ओरडायला तोंड उघडलं, पण घशातून हुंदक्यासारखा आवाज निघाला. तो ऐकून त्या सगळ्याच रडू लागल्या. "मी रडत नाहीये, पावडर आहे" हे मला सांगायचं होतं. हुसेनमियाँ हळूच म्हणाले, "राहू द्या बाई. आता काय बोलू नका."

गावात

गावाबाहेरच्या धर्मशाळेत आम्ही दवाखाना मांडला. पटकी ज्यांनी पाहिली नाही त्यांना एवढंच सांगते की धडधाकट माणूस सकाळी मोट हाकत असतो आणि दुपारी त्याचे डोळे खोल जातात, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतते, आवाज जातो. अंगातलं पाणीच निघून जातं. ते शिरेतून मिठाच्या पाण्यानं परत भरायचं. वेळेत भरलं तर माणूस उठून बसतो, नाही तर हातातून जातो. डॉक्टर शीर शोधायचे, मी बाटली धरायची. दिवसभर हेच.

पावडर अर्धी सांडल्यामुळे दुसऱ्याच दिवशी हुसेनमियाँना ती आणायला परत परतूरला जावं लागलं. जाताना मला म्हणाले, "बाई, डॉक्टरसाबला खाऊ घाला. त्यांचं ताट काल तसंच व्हतं."

मी हो म्हटलं आणि विसरले, कारण मला त्याहून महत्त्वाची कामं होती. मी नियम केले. येसकराकडून दवंडी पिटवली. पाणी उकळून प्या. ओकारी-जुलाब चुन्यात पुरा. आणि तिसरा नियम खास माझा: एका घरचं शिजलेलं अन्न दुसऱ्या घरी न्यायचं नाही. पटकी पाण्यातून जाते तशी हातातून आणि भांड्यातूनही जाते, त्यामुळे नियम शास्त्राला धरून होता. डॉक्टरांनी मान डोलावली. गावानं तर तिन्ही नियम अक्षरशः पाळले. पुण्याच्या कुठल्याही पेठेत मी अशी दवंडी पिटवली असती तर संध्याकाळपर्यंत दहा जण वाद घालायला आले असते. इथं एकानंही का म्हणून विचारलं नाही. मला फार समाधान वाटलं. नव्या लागणी कमी होऊ लागल्या तेव्हा तर मी स्वतःवर खूशच होते.

कौसाबाई आमच्या पहिल्या रोग्यांपैकी. धनगराची. तिच्या नवऱ्यानं, म्हसाजीनं, तिला खांद्यावर टाकून आणलं होतं. ती वाचली. तिला घरी पाठवलं त्याच दिवशी तो आडवा झाला. डॉक्टरांनी तीन ठिकाणी शीर शोधली. चौथ्या दिवशी सकाळी मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजत होते, तेव्हा पाणी ओठांच्या कडेनं परत आलं. बाहेर त्याची मेंढरं ओरडत होती, ती त्याच्या मागोमाग धर्मशाळेपर्यंत आली होती. मी हात धुतले आणि पुढच्या खाटेकडे गेले. जेवायचं सुचलंच नाही. असं होतंच, असं मी वीस वर्षं मानत आले होते.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी हुसेनमियाँ परतले. गाडीतून उतरायच्या आत त्यांचा प्रश्न आलाच. मी म्हटलं, खाणं कसलं, चार माणसं गेली या दिवसांत.

"चार घरं," ते म्हणाले. "मंग कडू घास कुनी नेला?"

मी हातातली बाटली खाली ठेवली.

कडू घास मला ठाऊक नव्हता असं नाही. ज्या घरात माणूस गेलं, त्या घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी, सोयरे भाकरी आणतात आणि बळंच दोन घास खायला लावतात. नाव कडू, पण आमच्याकडे त्यात कडू काही नसतं. पुण्यात आम्ही पिठलं-भात आणतो. माझा नवरा गेला तेव्हा शेजारच्या काकूंनी आणला होता आणि माझ्या तोंडात घास घातला होता. एकवीस वर्षांत मी तो घास विसरले नव्हते. पण दवंडी पिटवताना माझ्या डोक्यात जंतू होते, माणसं नव्हती. या गावात तिसऱ्या दिवसाचं होईपर्यंत दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत, आणि बाहेरून येणाऱ्या घासाची वाट मी माझ्या हातानं बंद केली होती.

मी कौसाबाईच्या घराकडे धावले. ती घरातल्या मेढीच्या खांबाला टेकून बसली होती. नाडी हाताला लागेना. मला वाटलं, पटकी उलटली. पण ओकारी नव्हती, जुलाब नव्हते. चुलीतली राख थंड होती.

"कौसाबाई, काही खाल्लंस का?"

तिचा आवाज ऐकायला मला खाली वाकावं लागलं. "कशी खाऊ, बाई? चूल पेटवू न्हाई. अन् घास घेऊन कोन येनार? तुमी तं दवंडी देली."

"मग मला सांगायचं नाही का? माणूस पाठवायचं!"

"तुमाला कसं सांगावं? तुमी आमच्यापायी रडत आल्त्या. बाया म्हनल्या, ही बाई आपलं वंगाळ करनार न्हाई. ती सांगन ते बराबर असन."

साथीतून उठलेली बाई, जिला तासातासाला पेज पाहिजे, ती दोन दिवस उपाशी होती. दुसऱ्या एका घरात तीन पोरं कच्चे जोंधळे चावत बसली होती, आणि त्यांची आई मला बघून घाबरली, जणू पोरांनी माझा नियम मोडला होता. मी तिच्याकडे वर मान करून पाहू शकले नाही. डॉक्टरांनी कौसाबाईला शिरेतून पाणी चढवायला घेतलं. बाटली धरलेला माझा हात इतका थरथरत होता की सुई दोनदा निसटली. वीस वर्षांत माझा हात कधी हलला नव्हता. डॉक्टरांनी शेवटी बाटली खुंटीला बांधली.

धर्मशाळेत आल्यावर मी त्यांना म्हटलं, "उद्याच्या गाडीनं मी परत जाते. दुसरी नर्स मागवा. मी इथं आता उपयोगाची नाही, मी अपाय करते."

डॉक्टरांनी हातातली सुई उकळायला टाकली. मग म्हणाले, "तुम्ही गेलात तर मीही थांबणार नाही. आल्यापासून मला अन्न जात नाही, सिस्टर. घास उचलला की गेलेल्यांचे ओठ दिसतात. मला वाटलं होतं, तुमच्याकडे बघून निभेल."

आत अकरा रोगी होते. दोघंही गेलो असतो तर त्यांच्यापाशी एक म्हातारा कंपाउंडर उरला असता, आणि शीर शोधणारं कुणीच नाही. हे मला कळत होतं. कळूनही माझी पेटी भरायला लागले, हे लिहायला लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे.

हुसेनमियाँनी आमचं बोलणं ऐकलं होतं. ते रागावले नाहीत. ज्वारीच्या पिठाची पिशवी त्यांनी माझ्या पेटीवर आणून ठेवली.

"जायचं तं जा, बाई. गाडी उद्या सकाळी आहे. आज चार घरी घास न्यायचाय. माझ्या हातचं ते खानार न्हाईत, तुमच्या हातचं खातीन. जल्दी करा."

"मला भाकरी येत नाही."

"येत न्हाई तं वाकडी करा."

मग डॉक्टर गोडबोले चुलीपुढे फुंकणी घेऊन बसले आणि मी परातीपुढे. पाणी उकळलेलं, हात चुन्याच्या निवळीत धुतलेले, पीठ मात्र माझं ऐकेना. पहिली भाकरी उचलताना तुटली. दुसरी तव्यावर तुटली. तिसरीला एका बाजूनं शेपूट फुटलं. हुसेनमियाँ चार हात लांबून सूचना देत होते, "पानी कमी... आता जादा... अहो बाई, भाकर आहे, इंजेक्शन न्हाई, जरा जोरात थापा!" मी त्यांच्यावर खेकसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा डॉक्टर हसल्याचं मी ऐकलं.

तव्यावरून उतरलेल्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळून मी आधी कौसाबाईकडे गेले. तोवर तिच्या अंगात थोडी धुगधुगी आली होती. तिनं फडकं उघडलं आणि पाहतच राहिली.

"ही कुनी थापली?"

"मी."

"तरीच," ती म्हणाली. तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, आणि लगेच गेलं. तिनं फडकं मिटलं आणि माझ्याकडे सारलं. "तुमी खाल्लं का?"

"माझं काय, तू खा."

"कडू घास एकटीनं खात न्हाईत, बाई. संगं कोनी बसावं लागतं. अन् तुमी तं त्याच्या उशाशी व्हत्या. तुमच्या मांडीवर गेला म्हने. मंग तुमी बी घेतला पायजे."

रोग्याच्या घरी काही खायचं नाही, हा परिचारिकेचा पहिला धडा. मी वीस वर्षं मुलींना तोच शिकवत आले आहे. मी तिला समजावायला लागले. ती म्हणाली, "न्हाई तं घेऊन जा." बोलण्यात राग नव्हता.

मी बाहेर जाऊन पुन्हा हात धुतले, तिचेही धुवायला लावले, आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. तिथल्या रीतीप्रमाणे आधी कडुनिंबाचं एक पान चावायचं, ते दारातल्या झाडाचं तिनं मलाच तोडून आणायला सांगितलं. मी पानं उकळत्या पाण्यातून काढून आणली, माझा स्वभाव कुठे जाणार? मग भाकरी मोडली. एक तुकडा तिनं माझ्या तोंडात घातला, एक मी तिच्या. आणि मी रडले. म्हसाजीसाठी रडले, बाकीच्या तिघांसाठी रडले, आणि गेल्या वीस वर्षांत ज्यांच्यासाठी हात धुवून पुढच्या खाटेकडे गेले होते, त्यांच्यातल्या कितीतरी जणांसाठी रडले. कौसाबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नवरा तिचा गेला होता, आणि पाठीवर हात माझ्या!

रडं ओसरल्यावर मी तिला खरं सांगून टाकलं. "कौसाबाई, आम्ही आलो त्या दिवशी मी रडत नव्हते. डोळ्यांत पावडर गेली होती."

"ठावं हाय," ती म्हणाली. "बैल बी पांढरे झाल्ते. आमाला दिसत न्हाई व्हय?"

"मग?"

"मंग काय? रडतं मानूस दारी आलं तं आमी कारन इचारत न्हाई."

चारी घरांचे घास पोचवून परत आले तेव्हा दुपार कलली होती. हुसेनमियाँनी त्यांच्या चुलीवर वरण केलं होतं, आणि माझ्या उरलेल्या वेड्यावाकड्या भाकऱ्या मांडून ठेवल्या होत्या. डॉक्टर ताटाकडे बघत बसले होते.

"डॉक्टरसाब," हुसेनमियाँ म्हणाले, "ज्याची मयत आपल्या हातावर झाली, त्याचे आपन सोयरे. दुसऱ्याला एक मयत असती तं चार लोक घास आनतात. आपल्याला रोज मयत, अन् आपल्याला कोनीच आनत न्हाई. मंग आपनच एकमेकाला द्यायाचा. न्हाई देला तं मयत पोटात राह्यते, अन् मानूस आतून बसतो. लई चांगले डॉक्टर मी असे बसलेले पाह्यले."

त्यांनी भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि डॉक्टरांच्या तोंडापाशी नेला. डॉक्टरांनी तोंड उघडलं. मग हुसेनमियाँनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा हात क्षणभर थबकला. जालन्याचं ते चार हातांचं अंतर त्यांच्या लक्षात होतं. मी पाट ओढून जवळ बसले आणि तोंड पुढं केलं. हे वाचून पुण्यात ज्यांना नाकं मुरडायची असतील त्यांनी खुशाल मुरडावी. वरण फार चांगलं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी रिकामी गेली. तिसरा नियम आम्ही बदलला. दुःखाच्या घरचा घास दवाखान्याच्या चुलीवरून जाईल, तव्यावरून थेट, आणि नेणाऱ्यानं हात धुवून शेजारी बसायचं, असं पुन्हा दवंडीनं सांगितलं. माझ्या भाकऱ्यांची कीर्ती पसरली असावी, कारण पुढच्या खेपेपासून गावातल्या बायका आळीपाळीनं थापायला येऊ लागल्या. आणखी माणसं गेली. प्रत्येक वेळी आम्ही तिघं हात धुवून एकत्र बसलो. त्या अर्ध्या तासात रोगाचं बोलायचं नाही, हा हुसेनमियाँचा नियम. त्यांनी कचेरीतल्या एका अमीनाच्या मिशीची गोष्ट तीनदा सांगितली आणि आम्ही तिन्ही वेळा हसलो. डॉक्टर गोडबोले गातात, आणि वाईट गातात, हेही तिथंच कळलं. माझा हात पुन्हा कधी थरथरला नाही असं म्हणणार नाही. थरथरायचा, पण जेवल्यावर थांबायचा.

निघालो त्या दिवशी कौसाबाई मेंढरं घेऊन रानात गेली होती. लांबून तिनं काठी उंच केली. जालन्याच्या फलाटावर हुसेनमियाँनी मोसंबी दिली आणि गाडीत जेवायची ताकीद दिली.

पुणे

गेल्या आठवड्यात जालन्याहून पत्र आलं. हुसेनमियाँच्या मुलानं कुणाकडून तरी मराठीत लिहून घेतलेलं. अब्बा हसनाबादकडे पथकाबरोबर गेले होते, ताप घेऊन आले, आणि पाचव्या दिवशी गेले. जाण्याआधी तुम्हा दोघांची आठवण काढली.

मी कामावरून घरी आले. स्टोव्ह पेटवला नाही. चूल न पेटवण्याचा माझा काय हक्क, मी त्यांची कोण, असं मनात आलं, तरी हात काडेपेटीकडे जाईना. काकूंना काय सांगणार? कुणाला काय सांगणार? तशीच बसून राहिले.

पाचच्या सुमारास दारात डॉक्टर गोडबोले. त्यांनाही पत्र आलं होतं. हातात फडक्याची पुरचुंडी, शर्टाच्या बाहीला पीठ.

"सिस्टर," ते म्हणाले, "भाकर खाल्ली का?"

खोलीवर एकटा राहणारा माणूस. कुठून तरी ज्वारीचं पीठ आणून स्वतः थापली होती. तीन तुकडे झाले होते. खिशातून त्यांनी कडुनिंबाची चुरगळलेली पानं काढली, आणि मला हसूही आलं आणि रडूही आलं. आम्ही हात धुतले. त्यांनी मला घास दिला, मी त्यांना.

तेवढ्यात काकू दारात आल्या. दोघांच्या मधे फडक्यावर ठेवलेली भाकरी त्यांनी पाहिली, आमचे चेहरे पाहिले.

"कुणी गेलं का गं?"

"हो, काकू. आमचे सोयरे. जालन्याचे."

जालन्याला माझं कुणी नाही, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत आहे. त्यांचे ओठ हलले, आणि मला वाटलं, आता पन्नास चौकशा. पण त्या तशाच मागं फिरल्या. थोड्या वेळानं पिठलं-भाताचं पातेलं घेऊन आल्या, आम्हा दोघांना वाढलं, आणि संपेपर्यंत उंबऱ्याशी बसून राहिल्या. त्यांनी नाव विचारलं नाही.